काळी, तांबडी, काळी

फहाहीलच्या उन्हात तांबडा रंग सगळ्यांत आधी मरतो, असं बाबा म्हणायचे. निळा थोडा तग धरतो, काळा तर चिवट म्हाताऱ्यासारखा शेवटपर्यंत टिकतो. पण तांबडा पहिल्या उन्हाळ्यात विटतो, दुसऱ्यात गुलाबी होतो, आणि मग इथं कधीकाळी रंग होता एवढीच आठवण उरते. आम्ही कुवेतच्या त्या किनाऱ्यावर आलो तेव्हा ते सगळं गावच मला असं उन्हानं धुऊन काढल्यासारखं दिसलं होतं. घरांचे दरवाजे, दुकानांच्या पाट्या, किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्यांच्या कडा, सगळ्यांवर एकच पिवळसर धूळ आणि एकच मऊ उजेड. जयगडच्या खाडीवर वाढलेल्या, हिरव्याशिवाय दुसरं काही न पाहिलेल्या मला पहिले काही महिने आपण झोपेत चालतोय असंच वाटायचं. अजूनही दुपारी जरा डोळा लागला की आधी तो उजेड येतो, आणि मग त्या उजेडात हळूहळू माणसं दिसायला लागतात.

बाबा तिथं पेंटर होते. गावी असताना ते मचव्यांवर रंगाचे पट्टे मारत, पुढच्या टोकाला, नाळेवर, मचव्याचं नाव लिहीत. कुवेतला गेले तेव्हा मी आईच्या पोटात होते. त्यानंतरची सगळी वर्षं ते माझ्यासाठी सुट्टीवर येणारे एक गृहस्थ होते, ज्यांच्या ट्रंकेला टर्पेंटाइनचा वास यायचा, आणि जे परत निघाले की आई कितीतरी दिवस कुणाशी धड बोलायची नाही. संध्याकाळी ती धक्क्यावर जाऊन बसायची. बोट यायची नाही हे तिला ठाऊक असायचं, तरी बसायची. मी चौदा वर्षांची झाले तेव्हा बाबांनी आम्हा दोघींना बोलावून घेतलं, आणि एवढ्या मोठ्या वयात मला बापाची ओळख झाली. ते कमी बोलत. चालताना डोळे बारीक करून समोर बघत. मला वाटायचं, उन्हामुळं.

बाजाराच्या मागच्या गल्लीत आमची एक खोली होती, पुढं सामाईक अंगण, आणि दोन घरं ओलांडली की समुद्र. समुद्र मात्र आमच्या खाडीसारखा बोलका नव्हता. तो नुसता पसरलेला असायचा, चकचकीत, कोमट, कुणीतरी जमिनीवर काच ठेवावी तसा. पहाटे इराणी भटारखान्यातून खुबूसच्या रोट्या भाजल्याचा वास यायचा, मग पाण्याच्या टँकरची घरघर, मग आईच्या स्टोव्हचा फुरफुराट. पापलेटाला तिकडे जुबैदी म्हणतात हे आईनं पहिल्याच आठवड्यात शिकून घेतलं, पण त्याच्या कालवणाला ओला नारळ मिळत नाही याचं दुःख तिनं कधी सोडलं नाही. गावाहून आणलेली आमसुलं ती एकेक मोजल्यासारखी वापरायची. तांदळाची भाकरी थापताना तिच्या बांगड्यांचा आवाज झाला की शेजारची मुलं दाराशी येऊन उभी राहत. भाकरी हातावर फुगते हे त्यांना नवलच होतं. आणि संध्याकाळ आमच्याकडे दोनदा व्हायची. सूर्य वाळवंटात बुडायचा, आभाळ विझायचं, आणि मग त्याच बाजूला तेलाच्या विहिरींवरचा जळता गॅस उजळायचा, की पुन्हा क्षितिज तांबूस व्हायचं. आई म्हणायची, "हितं दिवसाला पण जावंसं वाटत नाय."

घरी बाबा दुकानांच्या पाट्या करत, तेव्हा अक्षरांच्या कडा ते मारत आणि पोटं मी भरायची. एवढंच माझं शिक्षण. आणखी एक होतं. ते रंग कालवायला बसले की डबा माझ्यापुढं धरून विचारायचे, "जुळतो काय गो?" मी सांगायची, थोडा काळा घाला, थोडा पिवळा घाला. मला वाटायचं, मला शिकवताहेत.

त्या वर्षी हिवाळ्यात सालिम आमच्या दाराशी आला. सालिमच्या लॉऱ्या तेलाच्या कामावर पाणी आणि पाइप वाहायच्या, आणि त्या लॉऱ्यांवरची सगळी नावं बाबांच्या हातची होती. धिप्पाड, हसरा, सतत घाईत असलेला माणूस. एक इंग्रज इंजिनिअर मायदेशी परत जाताना आपला ट्रेलर विकून गेला होता, तो सालिमनं घेतला होता. मोटारीच्या मागं जोडून न्यायचं ते चाकांवरचं घर. आत दोन पलंग, छोटी शेगडी, पडदे. सालिमला तो आपल्या आईसाठी हवा होता. ती तंबूत जन्मलेली बाई, लग्न होऊन फहाहीलला आली, तरी दर वसंतात महिनाभर वाळवंटात जाऊन राहायची. नवरा गेला, गुडघे गेले, आणि तिचं जाणं थांबलं. आता या घरात बसवून तिला न्यायचं, असं सालिमच्या मनात होतं. फक्त ट्रेलर फार जुनाट दिसत होता. त्याच्या अंगावरून चारी बाजूंनी तीन पट्टे गेलेले होते, ते विटून पार गुलाबी झाले होते. ते काढून नवे मारायचे. वसंत इथं पाहुण्यासारखा येतो आणि जातो, म्हणून त्याच्या आत.

काम होतं सालिमच्या घरच्या अंगणात, जिथं बायका वावरत. परका पुरुष तिथं एकटा दिवसभर कसा राहणार? म्हणून ठरलं की बाबांनी आपलं कुटुंब बरोबर आणावं. अशी आई आणि मी त्या कामावर गेलो.

उम्म सालिमला, म्हणजे सालिमच्या आईला, मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती अंगणाच्या भिंतीला टेकून उन्हात बसली होती, काळ्या कपड्यांतली एवढीशी म्हातारी, हनुवटीवर गोंदलेली हिरवी नक्षी. समोर ट्रेलर उभा होता आणि ती त्याच्याकडे पाठ करून बसली होती. सालिमनं आमची ओळख करून दिली, कामाचं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि मान न वळवता म्हणाली, "रंगवा नाहीतर सोन्यानं मढवा. मी त्या पत्र्याच्या पेटीत पाय ठेवणार नाही. पेटीत मेल्यावरसुद्धा माणसाला घालत नाहीत आमच्यात."

तोवर मला एवढं अरबी कळायला लागलं होतं. मी आईला सांगितलं, तशी आई खुदकन हसली. म्हातारीनं तिच्याकडे पाहिलं, आणि शेजारची सतरंजी सारखी करून तिला बसायची खूण केली. त्या दोघींना एकमेकींची भाषा शेवटपर्यंत आली नाही. पण रोज सकाळी त्या गप्पा मारायला बसत. आई कोकणीत सांगायची, म्हातारी अरबीत उत्तर द्यायची, आणि दोघींचं बरोबर जुळायचं.

पट्टे काढायचं काम फार हळू चालायचं. रंग उतरवायचं औषध मिळायचं, पण बाबा म्हणाले, ते खालचा ट्रेलरचा मूळ सायीसारखा रंगपण खाईल. म्हणून घासलेटात भिजवलेल्या चिंध्या, खोक्याच्या फळीतून तासलेल्या लाकडी पट्ट्या, आणि मग ओल्या पॉलिशपेपरचा अगदी हलका हात. पट्ट्यावर बोट फिरवलं तर पिठासारखी गुलाबी भुकटी बोटाला लागायची. मी खालचा पट्टा घेई, बाबा वरचा. खर्र, खर्र, खर्र, असा तो एकच आवाज, भिंतीपलीकडे समुद्राची चूळ भरल्यासारखी हालचाल, कबुतरं, आणि मधूनच वेलदोड्याच्या कॉफीचा वास. त्या आवाजात मला गुंगी यायची. हात चालू असायचा आणि मी कुठंतरी दूर असायची. जयगडच्या वाळूवर, नाहीतर त्या ट्रेलरच्या खिडकीतून आत, कुणा अनोळखी बाईच्या पडद्यांमागं. आता या वयात मला कुणी विचारलं की सुखाचे दिवस कोणते, तर लग्न, मुलं सगळं ओलांडून माझं मन त्या खर्र खर्र आवाजापाशी जाऊन बसतं. का ते मला सांगता येत नाही.

पट्टा निघाला की एक गंमत दिसायची. इतकी वर्षं रंगाखाली झाकलेली जागा ताज्या सायीसारखी उजळ होती, आणि आजूबाजूचं सगळं अंग उन्हानं पिवळं पडलेलं. म्हणजे पट्टे गेले, पण त्यांची जागा गेली नाही. नव्या पट्ट्यांनी ती जागा बरोबर झाकायला हवी होती. केसभर जरी रेघ सरकली असती तरी लांबून दिसली असती.

पट्टे निघाल्यावर एका सकाळी उम्म सालिम पहिल्यांदा वळून बसली. बराच वेळ ट्रेलरच्या उघड्या अंगाकडे बघत राहिली. मग तिनं आतून एक गुंडाळी आणवली आणि अंगणात उलगडली. लोकरीचा लांबलचक पडदा होता तो, तंबूत पुरुषांची आणि बायकांची बाजू वेगळी करणारा. तिनंच कधीतरी विणलेला. मधे रुंद तांबडा पट्टा, दोन्ही बाजूंनी काळ्या बारीक कडा. तो तांबडा रंग मला आजही सांगता येत नाही. पिकल्या डाळिंबाच्या सालीचा म्हणाल तर थोडा जवळ जाईल.

"शिनू रायिक?" बाबांना ती म्हणाली. तुझं काय मत? "असं जमेल?"

बाबांनी गुडघ्यावर बसून पडदा हातात घेतला, अगदी डोळ्यांजवळ नेला, मग बोटांनी चाचपला. "जमेल," ते म्हणाले.

"मग बघू," म्हातारी म्हणाली. "जमलं तर बघू."

रंग कालवायला त्यांना फार वेळ लागला. सारखे मला विचारत राहिले. शेवटी मी "आता जुळला" म्हटल्यावर त्यांनी डबा बंद केला. दुसऱ्या दिवशी आम्ही निळीच्या पाण्यात सुतळी बुडवून ट्रेलरच्या अंगावर ताणून धरली, बाबांनी तिला मधून ओढून सोडली, आणि पत्र्यावर निळी सरळ रेघ उमटली. मग लांब केसांचा ब्रश काळ्या रंगात भिजवून बाबांनी पहिली कड मारायला घेतली. त्यांचं रेघ मारणं बघायला गॅरेजमधली माणसं हातातलं काम सोडून यायची म्हणे. मनगट हलायचं नाही, अख्खं शरीर सरकायचं. तसेच ते सरकत गेले, ट्रेलरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग मागं झाले आणि समाधानानं ब्रश पुसायला लागले.

रेघ वाकडी होती. फार नाही. मधे ती निळ्या रेघेवरून खाली उतरली होती आणि पुढं पुन्हा चढली होती, दमलेल्या माणसाच्या चालीसारखी. खाली उजळ सायीची एक फट उघडी पडली होती. मी पाहिलं. उम्म सालिमनं पाहिलं आणि नजर कॉफीच्या पेल्यात घातली.  बाबा आमच्याकडे वळून म्हणाले, "काय? कशी आलीय?"

 तेव्हा आई उठली, त्यांच्याजवळ गेली आणि हळूच म्हणाली, "वाकडी आलीय."

"कुठं?"

आईनं त्यांचा हात धरून बोट त्या जागी नेऊन ठेवलं.

 मग त्यांनी घासलेटाची चिंधी घेतली आणि ओली रेघ सगळी पुसून काढली. पुन्हा मारली. पुन्हा तसंच. पुन्हा पुसली. मग ब्रश धुतला, कागदात गुंडाळला, आणि आम्ही घरी आलो. येताना वाटेवर मी पहिल्यांदा नीट पाहिलं. ते डोळे बारीक करत होते ते उन्हामुळं नव्हतं.

घरी आल्यावर त्यांनी सांगितलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. हॉस्पिटलात जाऊन आले होते, आम्हाला न सांगता. डॉक्टर म्हणाले होते, अजून पिकायला हवा, त्याआधी काढता येत नाही, काही वर्षं लागतील. त्यांना वाटलं होतं, हाताला सवय आहे, हात निभावून नेईल. लॉऱ्यांवरची अक्षरं मोठी, ती जमत होती. बारीक लांब रेघेनं दगा दिला. "आंधळा पेंटर कोण ठेवतो?" ते म्हणाले. "सालिमला कळलं की संपलं. त्याच्याच नावावर माझा हितं राहायचा परवाना हाय. आपण बोटीत बसू. सामान बांध."

त्यांनी स्वतःच पलंगाखालची ट्रंक ओढली. आई भाकरी थापत होती. तिनं हातातली भाकरी तव्यावर टाकली, हात पुसले आणि म्हणाली, "मी नाय जायची."

बाबांनी वर पाहिलं.

"ही मोठी होईस्तवर मी वर्षं धक्क्यावर बसून काढली. आता परत तिकडं जायचं, आणि तुम्ही तिकडं खाटेवर बसून भिंतीकडं बघणार, ते मी बघायचं? मना नाय जमणार. डोळं तुमचं गेलंत. हात कुणाचा गेला हाय?" आणि मग माझ्याकडे हात करून, "हिचा हात हाय की. लहानपणापासून राखेत रेघोट्या मारतेय. बघितलाव कवा तुम्ही? तुम्ही होतंव कुठं?"

तसं आई त्यांना कधी बोललेली मी ऐकलं नव्हतं. पुढंही ऐकलं नाही. बाबा ट्रंकेच्या झाकणावर हात ठेवून तसेच बसले. ट्रंक त्यांनी उघडली नाही, पण आत सारलीही नाही.

दुसऱ्या दिवशी वादळ आलं. तिकडे वाळूचं वादळ आलं की सगळं जग पिवळ्या दुधात बुडाल्यासारखं होतं, तोंडात, डोळ्यांत, डाळीत वाळू. काम करता येणार नव्हतं. सालिमही लॉऱ्या घेऊन दूर कुठं अडकला होता. दारं-खिडक्या लावून आम्ही आत होतो. आईनं परात पालथी घालून माझ्यापुढं ठेवली, बाबांचा ब्रश काढून दिला आणि म्हणाली, "मार." मी पराती घेतल्या, तुपाचे रिकामे डबे घेतले. मारत होते, पुसत होते. बाबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. बाहेर वारा पत्र्याला घासत होता. किती वेळ गेला कोण जाणे, आणि त्यांचा आवाज आला.

"ब्रश दाबतेस तू. ऐकू येतोय."

मी हात हलका केला.

"आता रंग कमी घेतलास. कोरडा वाजतोय."

मी ब्रश बुडवला. थोड्या वेळानं ते उठून बसले, मग जवळ आले, मग माझ्या मागं उभे राहिले. "मनगट हलवू नको. पायांनी चाल. रेघ हातानं मारायची नसते, चालत जायची असते." त्या दिवशी, आणि वादळ चाललं होतं तोवर पुढंही, ते ऐकत होते आणि मी मारत होते. बापानं माझ्याशी एवढं बोलण्याची ती पहिलीच वेळ होती.

वादळ थांबलं ती सकाळ मला तारीख ठाऊक नसली तरी जशीच्या तशी आठवते. हवा धुतल्यासारखी झाली होती. पलीकडच्या गल्लीतल्या माणसाच्या बोलण्याचे शब्द न् शब्द ऐकू येत होते. आम्ही अंगणात शिरलो तेव्हा उम्म सालिमनं ट्रेलरवरची धूळ आधीच पुसून घेतलेली होती. बाबांच्याऐवजी माझ्या हातात ब्रश पाहून तिनं काहीही विचारलं नाही. तिनं फक्त कोंबड्या खुराड्यात घालायला लावल्या आणि नातवंडांना आत पिटाळलं.

सुतळी आम्ही पुन्हा मारली. मी ब्रश भिजवला आणि पत्र्याला टेकवला. बाबा माझ्यापुढं झाले, माझ्याकडे तोंड करून, आणि उलटे चालायला लागले. पायानं चाचपत, मधला प्रत्येक खडा, काटकी, डब्याचं झाकण बाजूला करत, म्हणजे मला खाली बघायला लागू नये. "श्वास सोड," ते म्हणाले. "धरून नको ठेवू. सोड." मी श्वास सोडला आणि चालायला लागले. त्या चालण्याचं मला फारसं काही सांगता येत नाही. निळी रेघ समोरून येत होती आणि ब्रशाखाली काळी होऊन मागं जात होती, एवढंच. मी कुणी मुलगी आहे, माझं काही वय आहे, घरी पलंगाखालून ओढलेली ट्रंक आहे, हे सगळं कुठंतरी खाली राहिलं होतं, पाण्याखालच्या दगडांसारखं. ट्रेलरचं वळण आलं.  वळण सरलं, मागची बाजू आली, मग सावली, मग पुन्हा ऊन, आणि समोर माझ्याच रेघेचं सुरुवातीचं टोक होतं. मी ब्रश उचलला.

"कशी आलीय?" बाबांनी या वेळी आईला विचारलं.

आईला रडू फुटलं होतं. उम्म सालिम काठी टेकत उठली, ट्रेलरभोवती एक फेरी मारून आली आणि बाबांपुढं उभी राहून म्हणाली, "ज़ेन." चांगली आहे. मग जरा थांबून, "आता तांबडी."

तांबड्या पट्ट्याला पुढचे दिवस गेले. खालची काळी कड मारताना एका कोपऱ्यात माझी रेघ फाटली, ती पुसून परत मारावी लागली, आणि पुसताना सायीचा रंग थोडा गेला. तेवढी जागा शेवटपर्यंत ओळखू येत होती, मला तरी. सालिम परत आला तेव्हा सगळं झालेलं होतं. ट्रेलरभोवती फिरून तो आनंदानं ओरडलाच, बाबांना मिठी मारली, "हसन, तुझ्या हाताला तोड नाही" म्हणाला.  मी पाहिलं, त्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. आईनं माझ्याकडे पाहिलं. मीही खरं सांगितलं नाही.

पुढं आम्ही त्या गावात खूप वर्षं राहिलो, हे मी इथंच सांगून टाकते. बाबांचे मोतीबिंदू पिकले तेव्हा त्यांना मिरजेला नेऊन ते काढून आणले. जाड भिंगांचा चष्मा आला, थोडंफार दिसायला लागलं, पण बारीक रेघ त्यांनी पुन्हा मारली नाही. रंग कालवणं, सूत धरणं, गिऱ्हाइकाशी बोलणं त्यांचं, आणि ब्रश माझा. लग्नानंतरही मी ते काम सोडलं नाही. फहाहीलच्या बाजारातून चालताना डावी-उजवीकडे माझ्याच हातच्या पाट्या बघत जायची मला चोरटी सवय होती. आता तिकडे मोठमोठे मॉल झालेत, दिव्यांच्या पाट्या आहेत. मुलगा फोटो पाठवतो. मी त्यात ओळखीची भिंत शोधते, सापडत नाही. पण हे सगळं पुढचं. त्या वसंतात ते काहीच ठरलेलं नव्हतं.

सालिम आम्हालाही वाळवंटात घेऊन गेला. उम्म सालिमनं हट्ट धरला होता की आई बरोबर हवी. निघायच्या दिवशी ट्रेलरच्या पायरीपाशी ती थबकली. काळ्या-तांबड्या पट्ट्यावरून तिनं सबंध तळहात फिरवला, काहीतरी पुटपुटली आणि आईच्या खांद्याचा आधार घेऊन आत चढली. खिडकीपाशी पलंगावर बसली. वाटभर तिनं पडदा बाजूला सरकवून धरला होता. बाहेर पाऊस पडून गेलेली जमीन होती. जिकडे बघावं तिकडे बारीक पिवळी फुलं, इतकी की वाळवंटाला हळद लागल्यासारखं वाटावं. गाडीच्या हेलकाव्यांनी आई आणि मी पेंगत होतो. म्हातारी मात्र टक्क जागी होती आणि मधूनच कुठल्यातरी टेकाडाचं, कुठल्यातरी विहिरीचं नाव घेत होती, जुन्या मैत्रिणींना हाका मारल्यासारखी.

मुक्कामाला पोचल्यावर तिनं काय केलं तर खाली उतरून सालिमला सांगितलं, "आता माझा तंबू लाव." सालिमनं कपाळावर हात मारला. एवढा खटाटोप केलेला तो ट्रेलर नुसता उभा राहिला, आणि म्हातारी त्याच्या सावलीत काळ्या तंबूत राहिली. रात्री झोपायलासुद्धा ती त्यात गेली नाही. पण रोज सकाळी पट्टे दिसतील अशा बाजूला सतरंजी टाकायला लावायची.

तिसऱ्या-चौथ्या दिवशीची गोष्ट असेल. आम्ही बायका वाळूत फगा शोधून आलो होतो. पावसानंतर जमिनीखाली येणारी ती बटाट्यासारखी भूछत्रं. जमिनीला बारीक भेग दिसली की काठीनं उकरायचं. आई ओटीभर फगा घेऊन तंबूच्या दाराशी बसली होती आणि एकेकावरची वाळू फुंकत होती. पुरुष बाहेर शेकोटीपाशी कॉफी घेत होते. शेजारच्या तळावरचा एक दाढीवाला गृहस्थ उंटांमागून चालत आला, सलाम करून बसला, आणि त्याची नजर ट्रेलरवर गेली. बघतच राहिला.

"हे कुणी केलं?"

"ह्यानं," सालिम अभिमानानं बाबांकडे हात करून म्हणाला. "हसन हिंदी. सगळ्या फहाहीलमध्ये असा हात नाही."

"माझी नवी लॉरी आहे," तो माणूस बाबांना म्हणाला. "तिच्यावर असंच मारशील?"

बाबांनी पेला खाली ठेवला. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. तंबूच्या आडून मला त्यांचा चेहरा दिसत होता, विस्तवाच्या उजेडात नाही, संध्याकाळच्या शेवटच्या उन्हात. ते सालिमकडे वळून म्हणाले, बाजारी अरबीत, पण एकेक शब्द नीट उच्चारत, "हे मी नाही केलं. मला दिसत नाही. डोळ्यांवर पडदा आलाय. हे माझ्या मुलीनं केलं."

 सालिमचा हसरा चेहरा पहिल्यांदाच स्थिर झालेला मी पाहिला. त्यानं बाबांच्या डोळ्यांत निरखून पाहिलं, जणू इतकी वर्षं तिथं काय होतं ते त्यालाही आत्ताच दिसत होतं. आईनं हातातला फगा तसाच धरून ठेवला होता.

"रंग कुणी कालवला?" सालिमनं विचारलं.

"मी."

"सूत कुणी धरलं?"

"मी."

सालिमनं किटली उचलली आणि बाबांचा पेला पुन्हा भरला. "मग माझ्या लॉऱ्यांनाही आता नवी नावं लागतील," तो म्हणाला. "जुनी उडालीत."

दाढीवाला मात्र अजून ट्रेलरकडे आणि मग तंबूकडे बघत होता. "मुलगी?" तो म्हणाला. "माझ्या लॉरीवर मुलगी रेघ मारणार?"

आतून उम्म सालिमचा आवाज आला, खणखणीत. "तुझ्या आजीनं तुझ्या आजोबाचं अख्खं घर विणलं होतं. तेव्हा कुणी विचारलं नाही."

तो माणूस हसायला लागला, सालिमही हसायला लागला. बाबा हसले नाहीत. ते उठले, तंबूच्या दाराशी आले आणि माझा अंदाज घेत, जिथं मी उभी होते त्या बाजूला तोंड करून त्यांनी विचारलं. आजवर त्यांनी मला सांगितलं होतं, शिकवलं होतं. रंगाचं सोडून माझ्या मनाचं विचारलं तेव्हा पहिल्यांदा.

"काय गो झुलेखा? मारशील काय?"

 मी आईकडे पाहिलं. आईनं हातातल्या फग्यावरची वाळू फुंकली, तो ओटीत टाकला, दुसरा उचलला.

"मारंल," ती म्हणाली. "आधी जेवू दे तिला."